प्रायश्चित्त आणि समेट

इयन मॅक्यूअन यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'अटोनमेंट' या कादंबरीचे नाव मराठीत कसे सांगावे, असा प्रश्न एकदा वर्गात निघाला. बहुतेकांनी क्षणाचाही विचार न करता 'प्रायश्चित्त' असे उत्तर दिले आणि मीही तो शब्द फळ्यावर लिहिला. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "पण या कादंबरीत प्रायश्चित्त नेमके घेते कोण? आणि देते कोण?" प्रश्न साधा होता. उत्तर मात्र त्या तासात मला देता आले नाही. तेव्हापासून हा प्रश्न मनात राहिला आहे. ख्रिस्ती परंपरेतील पापनिवेदन आणि क्षमा या कल्पनांकडे, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्याकडील आत्मकथनपर लेखनाकडे पाहताना आपली कोठे गल्लत होते, याचे एक उत्तर त्या प्रश्नात दडलेले आहे असे मला वाटते. ते येथे मांडून पाहतो.

प्रारंभ शब्दापासूनच करू. 'प्रायश्चित्त' या शब्दाची परंपरेने दिलेली व्युत्पत्ती 'प्रायस्' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय अशी आहे. तप करण्याचा निश्चय तो प्रायश्चित्त. धर्मशास्त्राने या विषयाला किती जागा दिली आहे हे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय पाहिला तरी कळते. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडातही पातक आणि प्रायश्चित्त यांची सविस्तर चर्चा आहे. ही परंपरा केवळ कर्मकांडाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मनूने पापातून सुटण्याच्या मार्गांत तप आणि अध्ययन यांच्याबरोबर 'ख्यापन' आणि 'अनुताप' यांचाही उल्लेख केला आहे. ख्यापन म्हणजे आपले पाप चारचौघांत उघड करणे. तेव्हा पापाची कबुली ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आली, असे नाही. परंतु या साऱ्या विचाराचे व्याकरण एकच आहे. पाप ज्याने केले, प्रायश्चित्तही त्यानेच करायचे. शास्त्री ते सांगतील, सभा ते मान्य करील, कर्ता मात्र पापी स्वतःच.

हा शब्द व्यवहारात कोठवर येऊन पोहोचला होता, याचे एक उदाहरण पुण्यातच आहे. १८९० साली ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका सभेला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातील इतर प्रतिष्ठित मंडळी गेली होती. तेथे त्यांच्यापुढे चहा आला. कोणी तो प्याले, कोणी नुसता ओठाला लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापवली आणि गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाविषयी लिहिले आहे. या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरी चहा पिणे हे आपल्या हातून घडलेले पाप आहे, असे रानड्यांच्या मनाला क्षणभर तरी वाटले असेल, असे मानण्यास जागा नाही. प्रायश्चित्त झाले, पश्चात्ताप नव्हता. जातीत परत येण्यासाठी भरावयाची ती रक्कम होती.

नेमका हाच शब्द मराठी बायबलाने उचलला आणि त्याचे व्याकरण उलटे केले. मराठी नव्या करारात येशू ख्रिस्त प्रायश्चित्त 'करतो' एवढेच म्हटलेले नाही, तर तो स्वतः आपल्या पापांबद्दलचे प्रायश्चित्त 'आहे', अशी रचना येते. मराठी कानाला हे वाक्य आजही थोडे खटकते, आणि ते खटकणे योग्यच आहे. पाप एकाचे आणि प्रायश्चित्त दुसराच. तोही प्रायश्चित्त घेणारा नव्हे, प्रायश्चित्तच. धर्मशास्त्राच्या भाषेत हे वाक्य बसत नाही. या वाक्याचा धक्का ज्याला जाणवला नाही, त्याला ख्रिस्ती पापविचार कळला असे म्हणता येणार नाही.

या कल्पनेचे मूळ यहुदी परंपरेत आहे. लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी दिला आहे. दोन बकरे आणायचे. एकाचा बळी द्यायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची सारी पापे उच्चारायची आणि त्याला रानात सोडून द्यायचे. पापाचे ओझे वाहून नेणारा दुसरा कोणीतरी असतो, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. पुढे ख्रिस्ती चिंतकांनी क्रुसावरच्या मृत्यूचा अर्थ लावताना निरनिराळी उत्तरे दिली. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्मने म्हटले की, पापाने ईश्वराच्या प्रतिष्ठेचे जे ऋण निर्माण होते ते फेडण्याची ऐपत माणसात नाही. म्हणून जो ईश्वरही आहे आणि माणूसही आहे अशानेच ते फेडले. पुढच्या पिढीतील आबेलार्दला हा हिशेब पटला नाही. क्रुसावर दिसते ते प्रेम, आणि त्या प्रेमाच्या दर्शनाने माणसाचे अंतःकरण पालटते, तीच मुक्ती, असा त्याचा रोख होता. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारकांनी, विशेषतः कॅल्व्हिनने, न्यायालयाची भाषा वापरली: शिक्षा आपल्याला व्हायची होती, ती त्याने भोगली. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा मात्र न्यायालयापेक्षा रुग्णालयाच्या प्रतिमेकडे झुकते. तिच्या दृष्टीने पाप हा आजार आणि क्षमा हे बरे होणे. ही उत्तरे एकमेकांशी पुरती जुळत नाहीत, आणि कोणत्याही एका उत्तरावर सगळ्या ख्रिस्ती पंथांनी आजवर एकमताने शिक्कामोर्तब केलेले नाही. पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. क्षमा कमावता येत नाही, ती मिळते.

आता पापनिवेदनाकडे येऊ. आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात याचे चित्र बहुधा हिंदी चित्रपटांनी काढलेले असते. लाकडी पेटी, जाळीआड बसलेले पाद्री, गुडघे टेकलेला गुन्हेगार. दोन वाक्ये बोलून तो मोकळा होतो. "फादरला सांगितले की पाप माफ, किती सोपे!" हे वाक्य मी वर्गात अनेकदा ऐकले आहे. ते अज्ञानातून येते, पण त्याला इतिहासाचा मुळीच आधार नाही असेही नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे असा नियम केला. नियम झाला की त्यातून पळवाटाही निघतात. पुढे पापदंडाची माफी पैसे घेऊन मिळू लागली आणि मार्टिन ल्यूथरने १५१७ साली आपले पंचाण्णव सिद्धान्त लिहिले ते त्याच बाजाराविरुद्ध. त्यांतील पहिलाच सिद्धान्त असे सांगतो की ख्रिस्ताला अभिप्रेत असलेला पश्चात्ताप हा एखाद्या दिवसाचा विधी नसून माणसाच्या सबंध आयुष्याची रीत आहे.

परंतु ज्या रोमन चर्चवर ल्यूथरने टीका केली, त्या चर्चची अधिकृत शिकवणही 'सांगितले की सुटले' अशी नाही. १५५१ साली ट्रेंट परिषदेने पापनिवेदनाच्या संस्काराची तीन अंगे सांगितली: मनातला खरा अनुताप, पापाचे उच्चारण, आणि भरपाई. यांतील तिसरे अंग आपण नेहमी विसरतो. चोरी केली असेल तर चोरलेले परत करावे लागते, कोणाची बदनामी केली असेल तर ती पुसण्यासाठी झटावे लागते. प्रॉटेस्टंट पंथांनी धर्मगुरूची मध्यस्थी बहुतांशी नाकारली, पण कबुली नाकारली नाही. अँग्लिकन उपासनेत सारी मंडळी एकत्र पापांगीकार म्हणते. ल्यूथर स्वतः खासगी पापनिवेदनाचा पुरस्कर्ता राहिला. ऑर्थोडॉक्स परंपरेत पापी माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर उभा राहतो आणि धर्मगुरू शेजारी साक्षीदार म्हणून असतो. रीती भिन्न आहेत, तरी प्रत्येक रीतीत ऐकणारा कोणीतरी आहे. नुसते मन मोकळे करणे म्हणजे पापनिवेदन नव्हे.

मग अडचण कोठे आहे? अडचण त्या ऐकणाऱ्याच्या निवडीत आहे, आणि ती खुद्द बायबलमध्येच उभी राहिलेली आहे. एक्कावन्नावे स्तोत्र हे पश्चात्तापाचे सर्वांत प्रसिद्ध काव्य. त्याचे शीर्षक ते दावीद राजाच्या तोंडी घालते. दाविदाने उरीयाच्या बायकोशी संग केला आणि नंतर उरीयाला लढाईत मुद्दाम पुढे ठेवून मारवले. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगून त्याला त्याचे पाप दाखवले. आणि मग या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की मी पाप केले ते केवळ तुझ्याविरुद्ध. येथे वाचक थबकायला हवा. केवळ देवाविरुद्ध? मग उरीयाचे काय? बथशेबेचे काय? भक्तीच्या दृष्टीने हे वाक्य समजून घेता येईल. सर्व पाप शेवटी ईश्वराविरुद्धच असते, असे त्याचे समर्थनही झाले आहे. पण साहित्याचा वाचक म्हणून मला दिसते ते असे की, ज्याचा खून झाला तो या सुंदर कवितेतून नाहीसा झाला आहे.

ख्रिस्ती क्षमाविचारातील ही फट खरी आहे, आणि तिचे दुष्परिणामही खरे आहेत. २००२ साली बोस्टनमधील एका वर्तमानपत्राने तेथील कॅथलिक धर्मप्रांतातील बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे उघडकीस आणली, तेव्हा दिसले की अनेक दोषी धर्मगुरूंना वरिष्ठांनी सांभाळून घेतले होते आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवले होते. पापी, धर्मगुरू आणि देव या तिघांत हिशेब मिटला की चौथ्याला, म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याला, कोणी विचारतच नाही. जर्मन धर्मचिंतक डिट्रिख बॉनहॉफर याने १९३७ साली 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला होता तो पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेसाठी.

पण त्या फटीवरचा इलाजही त्याच परंपरेत आहे, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आला असताना, आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे हे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जावे, मग येऊन दान अर्पण करावे. देवाकडची वाट भावाच्या दारावरून जाते. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार कबुलीचे लांब भाषण करीत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करतो, एवढेच सांगतो. मराठी बायबलाने येथे एक शब्द दिला आहे, 'समेट'. इंग्रजी 'अटोनमेंट'ची मूळ फोड 'एक होणे' अशीच आहे. सोळाव्या शतकात टिंडलच्या बायबल-भाषांतराने तो शब्द रूढ केला. म्हणजे वर्गात फळ्यावर मी लिहिले ते निम्मेच उत्तर होते. त्या इंग्रजी शब्दात प्रायश्चित्तही आहे आणि समेटही आहे. प्रायश्चित्त एकट्याला घेता येते. समेटाला दोघे लागतात.

प्रायश्चित्त आणि समेट यांच्यातला हा फरक धर्मग्रंथांपेक्षाही कादंबरीने अधिक निर्दयपणे तपासला आहे. टॉलस्टॉयची 'पुनरुत्थान' (१८९९) घ्या. नेख्ल्यूदोव हा जमीनदार खटल्यात पंच म्हणून बसला आहे आणि समोर आरोपी म्हणून उभी आहे कात्यूशा मास्लोवा. तरुणपणी आत्यांच्या घरी आश्रित असलेल्या याच मुलीला त्याने नादी लावले होते आणि जाताना तिच्या हातात शंभर रूबलची नोट कोंबली होती. पंचांच्या निर्णयात एक वाक्य लिहायचे राहून जाते आणि निरपराध कात्यूशाला सायबेरियात सक्तमजुरीची शिक्षा होते. नेख्ल्यूदोवचे मन पेटून उठते. तो तुरुंगात जातो, क्षमा मागतो, लग्न करण्याची तयारी दाखवतो. एखाद्या लहान लेखकाने येथे दोघांना रडवले असते. टॉलस्टॉयची कात्यूशा संतापते. या जन्मी तू माझ्या शरीराचा उपभोग घेतलास आणि आता परलोकासाठीही माझाच उपयोग करू पाहतोस, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे.

पश्चात्तापाच्या संबंध वाङ्मयात याहून भेदक आक्षेप मला आठवत नाही. नेख्ल्यूदोव खोटा नाही. त्याचा अनुताप खरा आहे, त्याची कबुली खरी आहे, भरपाईची तयारीही खरी आहे. ट्रेंटची तिन्ही अंगे जवळजवळ पूर्ण होतात. तरीही कात्यूशाच्या दृष्टीने ती पुन्हा एकदा साधनच ठरते आहे; आधी सुखाचे, आता मोक्षाचे. पुढे तो तिच्यामागे सायबेरियापर्यंत जातो, तिची शिक्षा सौम्य होते, आणि ती मात्र सिमोन्सन नावाच्या राजकीय कैद्याबरोबर राहण्याचे ठरवते. निरोप घेताना ती नेहमीचा निरोपाचा रशियन शब्द न उच्चारता 'क्षमा करा' अशा अर्थाचा त्याच्याच मुळाचा शब्द उच्चारते आणि त्यावरून नेख्ल्यूदोवला कळते की तिचे त्याच्यावर प्रेम आहे व त्याला मोकळे करण्यासाठीच ती दूर होत आहे. ज्याने अपराध केला तो क्षमा मागत आला आणि शेवटी क्षमा मागितली ती जिच्यावर अन्याय झाला तिने. समेट होतो, पण त्याच्या अटींवर नाही, आणि त्याने योजलेल्या रूपात तर नाहीच. ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर, १९०१ साली, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने टॉलस्टॉयला बहिष्कृत केले. तरी मत्तयच्या पाचव्या अध्यायावर इतके प्रामाणिक भाष्य दुसऱ्या कादंबरीत क्वचितच सापडेल.

डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) मध्ये रास्कोल्निकोव पहिली कबुली देतो ती धर्मगुरूला नव्हे, सोन्याला. ती त्याला चौकात जाऊन जमिनीचे चुंबन घ्यायला आणि सर्वांसमोर आपला गुन्हा सांगायला सांगते. म्हणजे आपल्या धर्मशास्त्रातले 'ख्यापन'च. पण चौकात त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, लोक त्याला दारुड्या समजून हसतात. नंतर तो पोलीस ठाण्यात कबुली देतो, शिक्षा होते, आणि सायबेरियात कितीतरी काळ त्याला पश्चात्ताप होतच नाही. कबुली आधी आणि पश्चात्ताप मागाहून, हा क्रमच आपल्याला अस्वस्थ करतो. आणि एक बारकावा: सोन्या त्याला लाझाराची गोष्ट ज्या नव्या करारातून वाचून दाखवते आणि जे पुस्तक शेवटी तुरुंगात त्याच्या उशाखाली असते, ते सोन्याला लिझावेताने दिलेले असते. लिझावेता म्हणजे त्याच्या कुऱ्हाडीला बळी पडलेली दुसरी स्त्री. स्तोत्रातून उरीया नाहीसा झाला. या कादंबरीत मारली गेलेली बाई पुस्तकाच्या रूपाने खुन्याच्या उशाशी राहते.

आता मॅक्यूअनकडे परत येऊ. १९३५ साली तेरा वर्षांची ब्रायनी आपल्या बहिणीच्या प्रियकरावर, रॉबीवर, बलात्काराचा खोटा आरोप करते. तो तुरुंगात जातो, नंतर युद्धावर. शेवटच्या भागात, १९९९ साली, सत्त्याहत्तर वर्षांची लेखिका ब्रायनी आपल्याला सांगते की आधी वाचलेली त्या दोघांची पुनर्भेट तिने रचलेली होती. प्रत्यक्षात रॉबी १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीत मेला आणि बहीण त्याच वर्षी लंडनवरील बॉम्बहल्ल्यात. जी क्षमा कधी मागता आली नाही, ती तिने कादंबरीत मागितली. जे सुख दोघांना मिळाले नाही ते त्यांना कागदावर दिले. पण ब्रायनी स्वतःला फसवीत नाही. कादंबरीत कोणाचे काय व्हावे हे ठरवणारी ईश्वर ती स्वतःच आहे; मग तिला क्षमा करायला तिच्या वर कोण उरते? ज्यांची क्षमा मागायची ती दोघे तर केव्हाच गेलेली आहेत. वर्गातल्या त्या विद्यार्थिनीला आता उत्तर देता येईल. या कादंबरीत प्रायश्चित्त घेणारी आहे, देणारे कोणीच नाही. आणि समेटाला तर दुसरा पक्षच शिल्लक नाही.

हे सारे मी मराठीच्या वाचकांपुढे का मांडतो आहे? कारण आपल्या समीक्षेत कबुलीला एक विलक्षण पावित्र्य प्राप्त झाले आहे. एखाद्या आत्मचरित्रात लेखकाने आपली बाहेरख्याली, बायकोची केलेली उपेक्षा, घरातल्या कामवालीशी किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाशी केलेली वर्तणूक सांगितली की परीक्षणात 'प्रांजळ', 'निर्भीड', 'स्वतःलाही न सोडणारा' ही विशेषणे ठरलेली असतात. परीक्षणकर्ता जाळीआडच्या धर्मगुरूच्या जागी बसतो आणि लेखकाला पापमुक्त करून टाकतो. हा अधिकार त्याला कोणी दिला? खरा धर्मगुरू निदान भरपाई सांगतो आणि ऐकलेले बाहेर फोडत नाही. आपण तर भरपाईचे नाव काढत नाही, आणि ज्या बाईची कहाणी तिला न विचारता चव्हाट्यावर आली तिची आठवणही काढत नाही. पाप केले एकीविरुद्ध, कबुली दिली हजारो वाचकांना, क्षमा केली समीक्षकांनी. दाविदाच्या स्तोत्रात निदान ऐकणारा देव होता.

याच्या उलट, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने लिहिले तर काय होते, हे पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३७) पुन्हा वाचावीत. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पुढची सुमारे पाच वर्षे त्या हिंदूच राहिल्या आणि मग स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. टिळकांचा तापटपणा, त्यांचे एकाएकी घर सोडून जाणे, त्यापायी झालेली परवड, हे सारे त्यांनी लिहिले आहे. स्वतःच्या सोवळ्याओवळ्याचे वेडही त्यांनी झाकलेले नाही. पण त्या टिळकांना पिंजऱ्यात उभे करीत नाहीत आणि देव्हाऱ्यातही बसवत नाहीत. त्यांच्या विनोदाची आपण नेहमी वाहवा करतो. माझ्या मते तो विनोद हीच त्यांची क्षमा आहे. झालेले काहीही न लपवता, झालेल्यातले कशाचेही वजन कमी न करता, त्या माणसासह पुन्हा हसता येणे. 'क्षमा' हा शब्द त्यांना वापरावा लागत नाही.

येथे एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. क्षमेचा अधिकार पीडिताकडे दिला की क्षमेचे ओझेही त्याच्याच डोक्यावर येत नाही का? 'तू मोठ्या मनाची, सोडून दे', हे आपल्या घराघरांतील बायकांना आणि जातीने खाली ढकललेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. क्षमा करण्याचा अधिकार पीडिताचा आहे, क्षमा मिळण्याचा अधिकार कोणाचाच नाही. आणि क्षमा झाली म्हणून न्याय थांबत नाही. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. खटला मात्र चालला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. ती क्षमा त्यांची होती. त्यांच्या वतीने ती दुसऱ्या कोणाला देता आली नसती, आणि त्यांच्याकडून ती कोणाला मागताही आली नसती. कात्यूशाने नेख्ल्यूदोववर उगारलेला शब्द याच हक्काचा होता.

तेव्हा साहित्य शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी कबुलीजबाबाचे कोणतेही लेखन हाती घेताना, ते कितपत प्रांजळ आहे यावर थांबू नये, एवढीच माझी सूचना आहे. हे कोणाला सांगितले जात आहे? ज्याचे नुकसान झाले तो या पानांत आहे की नाही? त्याला बोलायला, प्रसंगी नकार द्यायला, जागा ठेवली आहे का? आणि सांगून झाल्यावर लेखक काय परत करायला निघाला आहे? हे प्रश्न ख्रिस्ती श्रद्धा असलेल्यांनीच विचारावेत असे नाही. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही ते सारखेच लागू आहेत. ब्रायनीला वर देव नव्हता म्हणून तिचा प्रश्न सुटला नाही, आणि दाविदाला देव होता म्हणून उरीया परत आला नाही.

त्या कादंबरीच्या नावाला आजही मला एक मराठी शब्द सापडलेला नाही. पण पुढच्या वेळी फळ्यावर 'प्रायश्चित्त' लिहीन, तेव्हा त्याच्या शेजारी 'समेट' हाही शब्द लिहीन, आणि दोहोंच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडीन. त्या जागेत कोण उभे आहे, हे विद्यार्थ्यांनी सांगावे.